आकडा कोणासाठी लिहिला आहे? : प्रस्तावना

पुणे शहराचा अक्षांश साधारण १८.५२ आणि रेखांश ७३.८५ अंश धरतात. हे दोन आकडे इंग्रजी अंकांत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती फाइल निरनिराळ्या संगणकांना वाचायला दिली, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. प्रदेश म्हणून जर्मनी निवडलेल्या संगणकावर सी भाषेतला, प्रदेशाची सेटिंग पाळणारा प्रोग्रॅम पहिल्या आकड्यातून फक्त १८ उचलतो, कारण तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि अनपेक्षित टिंब दिसताच वाचन थांबते. त्याच संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट व्यवस्थेतला प्रोग्रॅम तोच आकडा १८५२ असा वाचतो. जर्मन रिवाजात टिंब हजारांचे गट पाडते, आणि गट खरोखर तीन-तीन अंकांचे आहेत की नाहीत हे ही व्यवस्था तपासत नाही. जर्मन सेटिंगमधले एक्सेल १८.५२ ला मजकूर समजून तसेच ठेवते, पण शेजारच्या रकान्यात १.५ असेल तर त्याची १ मे ही तारीख करून टाकते. मराठी भाषा निवडलेल्या अँड्रॉइड फोनवर एखादे ॲप हा आकडा नेहमीच्या फॉरमॅट आज्ञेने लिहून सर्व्हरला पाठवते, तेव्हा तो देवनागरी अंकांत जातो. पलीकडे जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम असेल, तर त्याच्या लेखी तो आकडाच नसतो. यांतली कोणती चूक सर्वांत घातक? १८५२ अंशांचा अक्षांश पृथ्वीवर नाही, त्यामुळे ती चूक पकडली जाते. न वाचता आलेल्या आकड्याबद्दल प्रोग्रॅम तक्रार करतो. १८ आणि ७३ हे आकडे मात्र अगदी साळसूद आहेत. नकाशावर ते पुण्याऐवजी श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावर बोट ठेवतात, कोणताही इशारा येत नाही, आणि सुमारे शंभर किलोमीटरची चूक घेऊन पुढचे सगळे हिशेब सुरळीत चालू राहतात.

अशा बिघाडांना आपल्याकडे सरसकट ‘सेटिंगचा प्रॉब्लेम’ म्हणतात आणि दुरुस्ती म्हणून सेटिंग बदलतात. हे निदान चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच मतावर उभी आहेत. सेटिंग आपले काम चोख करत असते. बिघाड असतो तो आकडा लिहिणाऱ्याने एक प्रश्न न विचारण्यात: हा आकडा कोण वाचणार आहे, माणूस की यंत्र? माणसाला वाचायचा आकडा त्याच्या रिवाजाप्रमाणे लिहायला हवा. यंत्राने वाचायच्या आकड्याला रिवाज नसावा, त्याचे रूप जगभर एकच असावे. हे दोन लेखनप्रकार दिसायला इतके सारखे असतात की प्रोग्रॅमर एकाच आज्ञेने दोन्ही कामे उरकतो, आणि तो ज्या देशात बसून प्रोग्रॅम लिहितो तिथे दोन्हींचे रूप योगायोगाने एकच असेल तर ही सरमिसळ वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. बेंगळुरूत किंवा पुण्यात लिहिलेला प्रोग्रॅम म्युनिकला पोहोचतो, त्या दिवशी ती उघडी पडते.

रिवाज वेगवेगळे का, याचा इतिहास मोठा आहे. इथे त्याची दोन-चार टोके पुरेत. सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये युरोपात दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला, तेव्हा त्याच्या लेखनात बिंदूही नव्हता आणि स्वल्पविरामही. तो स्थान दाखवण्यासाठी वर्तुळातले अंक वापरत असे. जॉन नेपियरने १६१७ च्या ग्रंथात टिंब किंवा स्वल्पविराम, दोन्ही चालतील असे सुचवले. पुढे इंग्लंडने टिंब घेतले, तर लायब्निट्सच्या प्रभावाखालच्या युरोपात टिंब गुणाकाराचे चिन्ह म्हणून रूढ झाले आणि दशांशासाठी स्वल्पविराम स्थिरावला. हजारांचे गट पाडायला जर्मनीत टिंब, फ्रान्समध्ये बारीकशी मोकळी जागा, तर स्वित्झर्लंडमध्ये वर काढलेली एकेरी अवतरणचिन्हासारखी खूण वापरतात. आपण पहिला गट तीन अंकांचा पाडतो आणि पुढचे सगळे दोन-दोनचे. वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने २००३ साली हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, तेव्हा तिलाही एक चिन्ह ठरवता आले नाही. टिंब किंवा स्वल्पविराम, दोन्ही ग्राह्य, असा ठराव झाला. गट पाडताना मात्र दोन्ही चिन्हे टाळावीत आणि मोकळी जागा सोडावी, हा १९४८ सालचा सल्ला तिने पुन्हा एकदा मांडला. मीटर आणि किलोग्रॅम जगाला एकसारखे करून देणाऱ्या संस्थेला जे साधले नाही, ते एखाद्या कंपनीच्या आयटी विभागाच्या परिपत्रकाने साधेल अशी अपेक्षा धरू नये.

तरीही पहिला आक्षेप नेमका तोच असतो. सगळ्यांनी एकच पद्धत वापरावी, टिंब दशांशाला आणि स्वल्पविराम दर तीन अंकांनंतर, म्हणजे भानगडच संपेल. यंत्रांच्या आपसातल्या व्यवहाराला ही सूचना मला पूर्ण मान्य आहे, आणि तिथे ती बऱ्याच अंशी अमलातही आलेली आहे. जेसन या प्रचलित स्वरूपात आकडा लिहिताना दशांश चिन्ह टिंबच असते, गटांचे चिन्ह नसतेच, आणि त्यावर कोणत्याही देशाच्या सेटिंगचा परिणाम होत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ही सूचना टिकत नाही. १२,३४,५६७ हा आकडा मराठी माणूस ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ असा वाचतो आणि प्रत्येक स्वल्पविराम त्याच्या तोंडच्या शब्दाशी जुळलेला असतो: पहिल्यापाशी लाख, दुसऱ्यापाशी हजार. तोच आकडा १,२३४,५६७ असा छापला तर स्वल्पविराम मिलियन आणि थाउजंड यांच्या जागा दाखवू लागतात. मग वाचणाऱ्याला उजवीकडून एकक, दशक, शतक करत मोजत यावे लागते. हिशेबनीस दिवसभर असे करू लागला तर एका शून्याची चूक आज ना उद्या होणारच. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीने वित्तीय विवरणांतले आकडे लाखांत आणि कोटींत मांडण्याची मुभा दिली आहे, म्हणजे ही सवय कायद्यानेही ओळखलेली आहे. स्वल्पविरामाच्या या जागा वाचनाची सोय म्हणून ठरल्या आहेत आणि त्या जपायला हव्यात.

त्या जपण्यासाठी लोक काय काय करतात, हे एक्सेलच्या एका प्रसिद्ध युक्तीवरून कळते. संगणकाची सेटिंग अमेरिकन इंग्रजी असेल तर एक्सेलमध्ये लाख-कोटीचे गट आपोआप पडत नाहीत. म्हणून अनेक जण पेशींना स्वतः तयार केलेला फॉरमॅट देतात: आकडा एक कोटी किंवा जास्त असेल तर अमुक जागी स्वल्पविराम, एक लाख किंवा जास्त असेल तर तमुक जागी, नाहीतर नेहमीप्रमाणे. युक्ती चांगली आहे आणि एका साध्या विक्रीतक्त्याला पुरतेही. पण एक्सेल अशा फॉरमॅटमध्ये दोनच अटी घालू देते. त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या, म्हणजे ‘नाहीतर’ या भागात पडतात आणि बारा लाखांचा तोटा पाश्चात्त्य गटांत छापला जातो. आकडा अब्जात गेला की सर्वांत डावीकडे तीन अंक एकत्र राहतात, कारण तिथल्या स्वल्पविरामासाठी तिसरी अट घालायला जागाच उरलेली नसते. म्हणजे एकाच ताळेबंदात नफा एका रिवाजाने आणि तोटा दुसऱ्या रिवाजाने लिहिलेला दिसतो. विंडोजच्या प्रदेश सेटिंगमध्ये इंग्रजी (भारत) निवडले, किंवा ‘डिजिट ग्रुपिंग’च्या खान्यात भारतीय गट निवडले, तर ही सारी कसरत टळते आणि पेशीतली मूळ किंमत अस्पर्शित राहते. प्रदेशाच्या सेटिंगची खरी जागा हीच आहे: पडदा आणि कागद, जिथे माणसाची नजर पडते तिथे.

ही सेटिंग पडद्यापलीकडे, प्रोग्रॅमच्या पोटात कशी शिरली, याला एक कारण आहे. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणकात लोकेल ही कल्पना आली. प्रोग्रॅमर ज्याला लोकेल म्हणतात ती भाषा आणि प्रदेश यांच्या रिवाजांची एक जुडी असते. प्रमाणकात ती संपूर्ण प्रोग्रॅमला मिळून एकच ठेवली गेली. दिव्याचे एकच बटण साऱ्या घराला असावे तसे. ते दाबले की आकडा छापणारी आज्ञाही बदलते आणि आकडा वाचणारी आज्ञाही, मग छापणे माणसासाठी असो की फाइलसाठी. प्रोग्रॅम सुरू होताना बटण बंद असते, त्यामुळे चाचणीत सारे ठीक दिसते. पुढे खिडक्या आणि बटणे काढणारी एखादी लायब्ररी जोडली जाते, ती सौजन्य म्हणून वापरणाऱ्याचे लोकेल चालू करते, आणि काल वाचली जाणारी फाइल आज वाचली जात नाही. दोष लायब्ररीचा वाटतो. खरे पाहता दोन वाचकांसाठी एकच बटण ठेवण्याचा निर्णयच चुकला होता. हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. भाषांची पुढची वाटचाल तेच सांगते. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या प्रमाणकात आकडे वाचण्या-लिहिण्याच्या अशा आज्ञा आल्या की ज्या लोकेलकडे पाहतच नाहीत. पीएचपीत अपूर्णांकाचा मजकूर करताना लोकेलप्रमाणे टिंबाचा स्वल्पविराम होत असे. २०२० मधल्या आठव्या आवृत्तीने ते बंद केले. डॉट नेटमध्ये ‘इन्व्हेरियंट कल्चर’ आणि जावामध्ये ‘लोकेल रूट’ या नावाने कोणत्याच देशाचा नसलेला रिवाज उपलब्ध आहे. निरनिराळ्या लोकांनी घडवलेल्या या भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या आहेत.

मराठीपुरता हा प्रश्न आणखी एका पदराचा आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. जगातल्या भाषांचे रिवाज नोंदवून ठेवणारा सीएलडीआर नावाचा एक सामाईक साठा युनिकोड संस्था चालवते. फोन, ब्राउझर आणि प्रोग्रॅमिंग भाषा आपली माहिती बहुतांशी तिथूनच घेतात. त्या साठ्यात हिंदीसाठी नेहमीचे अंक म्हणून आंतरराष्ट्रीय अंक नोंदलेले आहेत, तर मराठीसाठी देवनागरी. म्हणून ब्राउझरला तोच आकडा हिंदी रिवाजाने लिहायला सांगितला तर इंग्रजी अंक मिळतात आणि मराठी रिवाजाने सांगितला तर १२,३४,५६७. मराठी वर्तमानपत्रे, पुस्तके आणि शासकीय कागदपत्रे पाहता ही नोंद योग्यच आहे, आणि ती बदलावी असे मला मुळीच वाटत नाही. परिणाम मात्र असा की हिंदी फोनवर व्यवस्थित चालणारे ॲप मराठी फोनवर अडखळू शकते. कारण यंत्राच्या दृष्टीने देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरे आहेत. युनिकोडने दोन्हींना दशमान अंक म्हटले आहे, पण ते किती मनावर घ्यायचे हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवले. पायथन देवनागरीत लिहिलेला १२.५ विनातक्रार वाचते. जावा देवनागरी पूर्णांक वाचते, पण देवनागरी अपूर्णांक नाकारते. जावास्क्रिप्ट दोन्ही नाकारते. ‘इथे अंकच हवा’ अशी चाळणी लावणाऱ्या फॉर्मातही हाच गोंधळ: काही भाषांत तीच चाळणी देवनागरी अंक आत घेते, काहींत अडवते. आपला पिन कोड मराठी कळफलकावर टाइप करणाऱ्या माणसाला ‘कृपया अंक टाका’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्याने अंकच टाकलेले असतात.

इथे कोणी म्हणेल की मग मराठी फोनवरही इंग्रजी अंकच दाखवावेत, म्हणजे कटकट मिटेल. मला हा उपाय आळशी वाटतो. भाषा, प्रदेश आणि अंक या तीन स्वतंत्र निवडी आहेत आणि लोकेलच्या नावातच त्या वेगवेगळ्या सांगण्याची सोय आहे: मराठी भाषा, भारतीय गट आणि आंतरराष्ट्रीय अंक अशी मागणी एका ओळीत करता येते. ज्याला देवनागरी हवे त्याला देवनागरी मिळावे, ज्याला नको त्याला दुसरे. दोघांच्या बाबतीत सर्व्हरकडे जाणारा आकडा एकाच रूपात जावा आणि दोघांनी टाइप केलेले अंक स्वीकारले जावेत. प्रोग्रॅमरच्या सोयीसाठी वाचकाची लिपी काढून घेणे म्हणजे यंत्राचा नियम माणसावर लादणे आहे, आणि त्यातून दुरुस्त काहीच होत नाही. स्वल्पविरामाचे दशांश चिन्ह जर्मनीत पुन्हा तीच अडचण उभी करणार आहे.

याहून वजनदार आक्षेप अनुभवी प्रोग्रॅमर घेतात. ते म्हणतात, आता चांगल्या लायब्ररी आहेत, त्यांना रिवाज ठाऊक असतात. त्यांनी लिहिलेला आकडा त्यांच्याकडूनच परत वाचून घ्यावा, एवढी चिंता कशाला? अडचण अशी की रिवाजांचा साठा स्थिर नसतो, आणि नसावाच, कारण त्यात सतत सुधारणा होत असतात. फ्रेंच आकड्यांतल्या गटांमध्ये पूर्वी न तुटणारी साधी मोकळी जागा असे. २०१८ मधल्या सुधारणेत तिच्या जागी अरुंद मोकळी जागा आली. डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो, यंत्राला ती दोन निराळी अक्षरे आहेत. जुन्या आवृत्तीने फाइलमध्ये लिहिलेले आकडे नव्या आवृत्तीला वाचता येईनात, आणि दोन ओळी तंतोतंत सारख्या दिसत असूनही तुलना फसू लागली. २०२२ मध्ये इंग्रजी वेळेच्या लेखनात तास-मिनिटे आणि एएम-पीएम यांच्यामधली जागा अशीच बदलली आणि कितीतरी प्रोग्रॅम त्या एका अदृश्य अक्षराला अडखळले. सजवलेला आकडा वाचायचा असतो, साठवायचा नसतो. तो परत वाचता येईल अशी हमी साठा चालवणारेही देत नाहीत.

दुसरी सूचना असते अंदाज बांधण्याची. प्रोग्रॅमने आकड्याकडे पाहून कोणते चिन्ह कशासाठी आहे ते ओळखावे. दोन्ही चिन्हे हजर असतील तर शेवटचे ते दशांशाचे, हा नियम बऱ्याचदा बरोबर येतो. पण एकच चिन्ह आणि त्यापुढे तीन अंक असले की सारी हुशारी संपते. १,२३४ म्हणजे पुण्यात एक हजार दोनशे चौतीस आणि बर्लिनमध्ये एक पूर्णांक दोन तीन चार. दोन्ही उत्तरे पूर्ण शुद्ध आहेत, दोन्हींत हजारपटीचे अंतर आहे, आणि आकड्याच्या आत निवाडा करणारा कोणताही पुरावा नाही. पुरावा असलाच तर तो आकड्याबाहेर असतो: फाइल कोणी पाठवली, कोणत्या यंत्राने लिहिली, त्या रकान्यात साधारण काय असते. माणूस तो विचारू शकतो. प्रोग्रॅमने गप्प बसून अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे कितीतरी बरे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण सकाळी दहाला आलेला फोन त्यांनाच घ्यायचा असतो. ते म्हणतात: तत्त्व ठीक आहे, पण सगळ्या संगणकांची सेटिंग अमेरिकन इंग्रजी केली की आजचे काम चालते. चालते, पण कुठवर? तोच प्रोग्रॅम रात्री ठरल्या वेळी आपोआप चालतो तेव्हा तो बसलेल्या माणसाच्या खात्यावर चालत नाही, सर्व्हिसच्या खात्यावर चालतो, आणि त्या खात्याची प्रदेश सेटिंग स्वतंत्र असते. दिवसा बरोबर आणि रात्री चूक, अशा तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच सापडते. प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर हलवला की तिथली सेटिंग तिसरीच. शिवाय एका प्रोग्रॅमसाठी बदललेली सेटिंग त्या संगणकावरच्या बाकी साऱ्या प्रोग्रॅमांचे आकडे, तारखा आणि सूत्रे बदलते. दशांश चिन्ह स्वल्पविराम असलेल्या देशांत एक्सेलच्या सूत्रातले घटक अर्धविरामाने वेगळे करतात आणि सीएसव्ही फाइलमधले रकानेही. पुण्या-चाकणमध्ये जर्मन मुख्यालयाशी रोज तक्त्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे अनुभव असतात: तिकडची फाइल इकडे उघडली की सगळे रकाने एकाच रकान्यात येतात, आणि इकडची तिकडे उघडली की तेच. एका टोकाची सेटिंग बदलली की हा त्रास फक्त दुसऱ्या टोकाला सरकतो.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी आकडा कुठे लिहिला गेला, मग तो कुठून कुठे गेला, आणि सर्वांत शेवटी कोणी वाचला. वाचकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. आकडे बिघडलेली फाइल हाती आली की ती एक्सेलमध्ये उघडू नका. उघडून जतन केली की मूळ पुरावा पुसला जातो आणि एक मे चा दीड पुन्हा कधीच होत नाही. ती आधी नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडा, दशांश चिन्ह, गटाचे चिन्ह आणि रकान्यांमधले चिन्ह, ही तिन्ही आहेत तशी कागदावर उतरवून घ्या, आणि लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या दोन्ही संगणकांची तीच तीन चिन्हे शेजारी मांडा. कंट्रोल पॅनलला हात त्यानंतरच लावा.